कुपीतली हळद

हळदीवर माझा राग नाही. भाजीत असो, दुधात असो, नवरीच्या गालावर असो, मला ती चालते. माझा राग आहे तो महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मॅनेजरवर आणि मालकावर, आणि इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. घरचे म्हणतात, आता जाऊ दे की, किती धरून बसणार. मी म्हणते, त्यांनी एवढं करून काही मनाला लावून घेतलं नाही, मग सोडून द्यायचा मक्ता माझ्या एकटीकडेच का?

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करून मी महाडला परत आले होते आणि घरून जाऊन-येऊन करता येईल म्हणून या कारखान्यात लागले. खालच्या मजल्यावर रिॲक्टर, पिंपं, वाफ आणि कपड्यांतून न जाणारा वास. तिथे माल टनांत निघायचा. वरच्या मजल्यावर आमची छोटी लॅब, तिथला माल चहाच्या चमच्यात मावायचा. पण मालक पाहुण्यांना आधी वरच आणायचे, कारण मिरवण्यासारखं जे काही होतं ते वर होतं.

आम्ही वर बनवायचो ते परदेशातल्या संशोधकांसाठी. आपल्या शरीरातल्या पेशीला बाहेरून निरोप येत असतात. वाढ, थांब, मर, असे. निरोप आत पोचतो तो हातोहात, पंगतीत पाण्याचा तांब्या पुढे सरकवतात तसा. एक रेणू दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. कॅन्सरमध्ये यातला एखादा रेणू थांबायचं विसरतो आणि ‘वाढ, वाढ’ एवढंच पुढे ढकलत राहतो. आम्ही जी पांढरी पूड बनवायचो ती या पंगतीतल्या नेमक्या एकाचा हात धरून ठेवायची. बाकी कुणाला हात लावायचा नाही, एवढाच तिचा गुण आणि एवढ्यासाठीच तिला मागणी. ते काही औषध नव्हतं. कुपीवर स्पष्ट लिहिलेलं असायचं, फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, आणि आम्ही तिला ‘पांढरी’ म्हणायचो.

ही पांढरी बनवायला कितीतरी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला काचेची भांडी लागायची. ती भांडी धुण्याचं काम मावशींकडे होतं. मावशी म्हणजे कंत्राटदारामार्फत आलेल्या बाई. पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढे डोंगरावर त्यांची वाडी होती. घरी म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी-वरी. नवरा मुंबईत बेकरीत, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. सकाळी म्हशींचं दूध काढून, डोंगर उतरून, खाली हायवेला येऊन मिळेल ती गाडी पकडून मावशी नऊला हजर असायच्या. आधी साबण, मग ॲसिटोन, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ओव्हन. ॲसिटोनने त्यांचे हात पांढरे पडून भेगाळले होते. हातमोजे मिळायचे, पण ते पुरुषांच्या मापाचे, ओलं भांडं त्यातून निसटायचं. बायकांच्या मापाचे मागवा म्हणून मी कितीदा सांगितलं, मॅनेजर साहेब म्हणायचे, बघू.

मावशींचं बोलणं तोंडावर. एकदा मी नीट न विसळलेला फ्लास्क त्यांच्या टबात टाकला तर म्हणाल्या, “म्याडम, घरी ताट असंच टाकता काय वो?” मला हसू आलं. त्या वर्षी त्यांना कंपनीच्या हजेरीवर घेणार अशी बोलवा होती. म्हणजे कंत्राटदार मध्ये नाही, नाव थेट कंपनीत. मावशींनी ते वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र दर आठवड्याला विचारायच्या, “झालं का वो काय?”

आता दसरा. आमच्याकडे कारखान्यात पूजा असायची, सगळीकडेच असते. गेटला झेंडूची तोरणं, रिॲक्टरला हार, बॉयलरपुढे नारळ. मालकांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणायचे, पुण्याहून गाडीने यायच्या आणि स्वतःच्या हाताने एकेका यंत्राला हळद-कुंकू लावत फिरायच्या. चांगल्या बाई होत्या, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. वरच्या लॅबमध्ये टेबलावर लाल कापड पसरून आमची हत्यारं मांडली होती. हत्यारं म्हणजे काय, तर पूड उचलायचे स्टीलचे स्पॅच्युले, फनेल, चिमटे. वहिनींनी त्यांच्यावर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मग बॅलन्सकडे वळल्या. बॅलन्स म्हणजे आमचा काचेच्या पेटीतला इलेक्ट्रॉनिक काटा, केसाचंही वजन सांगणारा. मॅनेजर साहेबांनी कौतुकाने पेटीचं दार उघडून दिलं. वहिनींनी वजनाच्या तबकडीवर चिमूटभर हळद ठेवली, त्यावर कुंकू, त्यावर झेंडूची पाकळी. समोरचे आकडे भराभरा पळाले आणि सगळे हसले. “देवाचं वजन दाखवतोय,” मालक म्हणाले. पेढे वाटले. पेढे फक्त कंपनीच्या माणसांना, कंत्राटाच्या बायांना त्या दिवशी बोलावलंच नव्हतं.

पांढरीची एक बॅच तेव्हा तयार होती. मी ती पूजेच्या आधी तपासून पास केली होती, आणि नियमाप्रमाणे तिचा थोडा नमुना काढून कपाटात ठेवला होता. पांढरीशुभ्र होती. दसऱ्यानंतरच्या सकाळी ती कुपीत भरून मुंबईच्या कुरिअरला द्यायची होती आणि गाडी लवकर निघणार होती, म्हणून मॅनेजर साहेब स्वतः आले आणि स्वतः भरून मोकळे झाले. स्पॅच्युले लाल कापडावर मांडलेले होते ते टिश्यूने पुसले, काटा टिश्यूने पुसला. झालं काम. मावशी नऊला आल्या तोवर कुपी वडखळच्या पुढे गेली असेल. साहेब तासभर थांबले असते तर मावशींनी सगळे स्पॅच्युले ॲसिटोनने धुऊन, वाळवून हातात दिले असते. तो त्यांचा रोजचा उद्योगच होता. त्या सबंध इमारतीत ती हळद काढू शकतील असे हात एकीचेच होते आणि त्यांची वाट पाहायला कुणाला सवड नव्हती.

पुढचं कळायला वैशाख उजाडला. परदेशातून ई-मेल आला. लिहिणारा कुणी पीएचडीचा विद्यार्थी होता आणि फार सभ्यपणे लिहिलं होतं. तुमचा पदार्थ नेमका एकच रेणू अडवतो असं तुम्ही म्हणता, पण आमच्याकडे तो चार ठिकाणी लुडबुड करतो आहे आणि शिवाय पेशी विचित्र चमकताहेत. कित्येक महिने आम्हाला वाटलं की आम्हाला काहीतरी नवीन सापडलं. आता शंका येते आहे. उरलेली कुपी कुरिअरने परत पाठवत आहे, कृपया तपासा.

कुपी आली. पूड पांढरी नव्हती. फार नाही, सायीवर असते तेवढी पिवळट झाक होती. मी ती उघडली, प्लेटवर ठिपका दिला, मिसळलेले पदार्थ सुटे करणारं सॉल्व्हंट चढवलं आणि अतिनील दिव्याखाली धरली. आमच्या पदार्थाच्या डागाशिवाय तिथे आणखी तीन ठिपके होते, एकाखाली एक, पिवळे आणि लखलखीत. रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही ते ठिपके ओळखू येतात. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्लेट कशी चालते हे दाखवायला आम्ही तोच पदार्थ वापरायचो, कारण तो स्वयंपाकघरात फुकट मिळतो. आणि हळद या पंगतीत दिसेल त्याचा हात धरते, एकालाही सोडत नाही. बिचाऱ्या त्या मुलाचा सगळा गोंधळ एका शब्दात सुटत होता.

मी ही प्लेट घेऊन दिव्याच्या अंधाऱ्या खोलीतून साहेबांच्या केबिनकडे निघाले तर लॅबमध्ये आधीच तमाशा सुरू झाला होता.

त्याच आठवड्यात मावशींच्या लेकीचं लग्न झालं होतं. मुलगी रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीला दिली. सासरच्यांचा रोपवेजवळ झुणका-भाकरीचा, ताकाचा गाळा होता. मावशी सुट्टी संपवून त्याच दिवशी कामावर आल्या होत्या आणि हातांवर लेकीची हळद होती. ॲसिटोनने भेगाळलेले हात ते, हळद भेगांमध्ये जाऊन बसली होती आणि मनगटापर्यंत रंग होता. मॅनेजर साहेबांनी कुपीचा पिवळेपणा पाहिला होता आणि आता त्यांना मावशी दिसल्या.

“मावशी, हात दाखवा बघू.”

मावशींना वाटलं साहेब कौतुकाने विचारताहेत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पंजे पसरून, आणि हसून म्हणाल्या, “लेकीची हळद हाय, सायेब. आमच्यात लय लावत्यात.”

“बघितलंत सगळ्यांनी?” साहेब वळून आम्हाला म्हणाले. “हे असं असतं. या हातांनी भांडी धुतात आणि तिकडे परदेशात आपली अब्रू जाते.”

मावशींचे हात तसेच पुढे होते. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. मग कळलं आणि त्यांनी ते हळूहळू पदराखाली घेतले. तो क्षण मला आजही आठवला की मुठी वळतात.

मी म्हटलं, “साहेब, कुपी दसऱ्याला गेली. हे लग्न गेल्या आठवड्यात झालं.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही हळद त्या कुपीत जायला मागे चालत जायला हवी.”

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, अशा बायांच्या हाताला नेहमीच काही ना काही असतं. मी म्हटलं, भांडी धुताना मोजे असतात, आणि धुतल्यावर ओव्हन असतो, आणि मुख्य म्हणजे मावशींचा हात कधी पुडीपर्यंत पोचतच नाही, पूड भरतो आपण. भरली कुणी हेही सगळ्यांना माहीत होतं. ते मी बोलले नाही, पण माझं तोंड वाचता येत असावं. साहेब म्हणाले, तुम्ही तुमच्या टेबलावर जा.

मी टेबलावर गेले आणि काम केलं. एक ठिपका परत आलेल्या कुपीतला, एक कपाटात ठेवलेल्या नमुन्याचा, एक बाजारातल्या हळदीचा. आणि चौथा काट्याचा. काट्याची तबकडी उचलली की खाली एक खोबण असते, तिथे टिश्यू पोचत नाही. कापसाचा बोळा फिरवला तर पिवळा निघाला. तो ठिपका कुपीतल्या ठिपक्यांच्या शेजारी असा बसला जसं एकाच घरातलं माणूस. कपाटातला नमुना मात्र निर्मळ, एकच डाग. यापुढे कुणाला काय सिद्ध करून हवं होतं, देव जाणे.

मालक त्या शनिवारी आले. मी प्लेट दिव्याखाली धरून त्यांना दाखवली. मालक शिकलेले होते, स्वतः केमिकल इंजिनियर. त्यांना पहिल्या नजरेत कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ते बराच वेळ दिव्याखाली बघत राहिले. मग दिवा त्यांनीच बंद केला.

“पूजेची हळद आहे ही,” ते म्हणाले.

“हो.”

“मग काय लिहू मी त्यांना? आमच्याकडे काट्याला हळद-कुंकू लावतात म्हणून?”

“लावतोच की आपण.”

“तुम्हाला नाही कळायचं. पुढच्या वर्षी त्यांची माणसं कारखाना बघायला येणार आहेत. देवाच्या हळदीने माल खराब झाला म्हटलं तर आपण कुठले ठरतो?”

“आणि मावशींच्या हळदीने झाला म्हटलं तर?”

“तर एका बाईची चूक झाली,” मालक म्हणाले, अगदी शांतपणे. “चुका होतात. बाई बदलता येते.”

मला भयंकर संताप आला. मला कायम वाटत आलं होतं की असं वागणाऱ्या माणसाला आतून काहीतरी टोचत असेल. काही टोचत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता आणि आता त्यांना चहा हवा होता.

परदेशी उत्तर गेलं, हाताळणीतली अस्वच्छता, संबंधित व्यक्तीला कामावरून दूर केलं आहे. त्यावर क्वालिटीच्या केमिस्टची, म्हणजे माझी, सही लागते. मी केली नाही. साहेबांनी आपली ठोकून दिली. त्या पत्रात हळदीचा उल्लेखही नव्हता. म्हणजे तिकडचा तो मुलगा, ज्याने आपली कित्येक महिन्यांची मेहनत या कुपीवर लावली होती, तो अजूनही डोकं खाजवत बसला असेल की आपल्या पेशी का चमकत होत्या. एक शब्द लिहिला असता तर त्याला सगळं उलगडलं असतं. इकडे एका बाईचं काम गेलं आणि तिकडे एका पोराचं शास्त्र बुडालं, आणि मध्ये बसलेल्या दोन माणसांची झोप मोडली नाही.

मी घरी चालत यायचे ती वाट चवदार तळ्यावरून. दर मार्चमध्ये तिथे निळे झेंडे घेऊन कुठून कुठून माणसं येतात ती का येतात हे आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मावशींची जात कुठली हा मुद्दा नव्हता आणि त्या दुःखाची बरोबरी मी या गोष्टीशी करत नाही. पण अमक्या माणसाच्या हाताने वस्तू बाटते, ही कल्पना या गावात, या पाण्याच्या काठावर, इंजिनियर झालेल्या माणसाच्या तोंडी यावी याची मला शरम वाटायची. बायका पायऱ्यांवर बसलेल्या असायच्या आणि मी तिथून जाताना मनातल्या मनात मालकांशी कडाकडा भांडत असायचे.

नोकरी सोड, असं वडील म्हणाले. मी सोडली नाही. मी गेले असते तर त्या दोघांना हायसंच वाटलं असतं, आणि ते सुख मी त्यांना देणार नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर मावशी आमच्या घरी आल्या. हातात दुधाचा तांब्या. मला वाटलं कामाचं बोलायला आल्या असतील. पण प्रकरण पुढे गेलं होतं. त्यांच्या जावयाचा थोरला भाऊ आमच्याच कारखान्यात खाली हेल्पर होता. त्याने घरी जाऊन सांगितलं होतं की नव्या सुनेच्या हळदीने परदेशाचा माल नासला. गाळ्यावर माणसांची ये-जा, गोष्ट हिरकणीवाडीभर झाली.

“परवा त्येंच्या घरात पुतन्याची हळद व्हती,” मावशी म्हणाल्या. “समद्या सवाष्नी हळद लावाया बसल्या. माझ्या लेकीला म्हंत्यात, तू जा गो, पानी आन. नवी सून हाय ती, म्याडम. तिनं पैल्यांदा लावायची. आन् तिला पानी आनाया धाडलं.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलू? सासू म्हंते, कंपनीतल्या सायबानं सांगितलं ते काय खोटं आसंल?”

मी त्यांना सगळं सांगितलं. काटा, स्पॅच्युले, खोबणीतला बोळा, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. रागाने त्यांची मान लाल झाली.

“म्हंजे त्यास्नी म्हायती हाय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मंग कामाचं मागनं बगू,” त्या म्हणाल्या. “आदी माझ्या लेकीचं. तिची हळद नासकी नव्हती, येवढं त्यांच्या तोंडातनं येऊंदे. तुमी सांगून नाय चालायचं. तुमी माझ्या बाजूच्या.”

त्यांच्या तोंडातून ते कसं यायचं याचा मी पावसाळाभर विचार केला. मालकांना पुन्हा भेटले तर ते म्हणाले, तो विषय संपला आहे. खालच्या हेल्परला गाठून सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, मी लहान माणूस, साहेब म्हणाले ते मी बोललो. साहेबांना विचारलं तर साहेब फाइल उघडून बसले. भिंतीवर डोकं आपटावं तसं झालं होतं.

मग पुन्हा दसरा आला. तोरणं, हार, नारळ. वहिनी पुण्याहून आल्या, हातात हळद-कुंकवाचं चांदीचं तबक. खालचं आटोपून सगळा घोळका वर आला. खालची माणसंही आली होती, तो हेल्परही होता. टेबलावर लाल कापड होतं, पण त्यावर या वर्षी स्पॅच्युले नव्हते, नुसते चिमटे आणि स्टँड. ते माझ्या लक्षात आलं. वहिनी हळद-कुंकू वाहत काट्यापाशी आल्या, पेटीचं दार सरकवायला हात घातला, तेवढ्यात मॅनेजर साहेब घाईघाईने पुढे झाले आणि हसत म्हणाले, “वहिनी, यंदा काट्यावर नको हं.”

वहिनींचा हात थांबला. “का हो? दर वर्षी लावतो.”

“नको. असंच.”

“असंच म्हणजे?”

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी पेढ्यांच्या खोक्याकडे पाहिलं. मी घोळक्यातून पुढे आले. “सांगा ना साहेब,” मी म्हटलं, चांगल्या खणखणीत आवाजात. “वहिनी विचारताहेत. का नको?”

“जरा ते... गेल्या वर्षी मालात...”

“काय मालात?” वहिनींनी विचारलं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. घरी कुणी सांगितलंच नव्हतं.

“थोडी हळद गेली होती,” साहेब म्हणाले. “म्हणजे ही. पूजेची.”

“अगं बाई!” वहिनी म्हणाल्या. “माझ्या हातून?”

“भरताना मी नीट पुसलं नव्हतं,” साहेब म्हणाले. वहिनींपुढे त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. तबक हातात घेऊन काट्यापुढे उभ्या असलेल्या मालकिणीवर दोष टाकायची त्यांची छाती नव्हती. हीच छाती मावशींपुढे केवढी फुगली होती.

मी हेल्परकडे वळून म्हटलं, “ऐकलंस?” त्याने खाली बघत मान हलवली. मी म्हटलं, “मान हलवून नाही चालणार. ऐकलंस की नाही?” “ऐकलं मॅडम,” तो म्हणाला. पेढे त्या दिवशी फार कुणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने पोलादपूरला गेले, आणि वर वाडीला. मावशी गोठ्यात होत्या. मी अंगणातूनच सांगायला सुरुवात केली तर त्यांनी शेणाचा हात वर करून मला थांबवलं. “हितं नगं. चला.” हात धुतले, लुगडं बदललं आणि आम्ही निघालो. डोंगर उतरून महाड, तिथून हिरकणीवाडी. 

गाळ्यावर गर्दी होती. रोपवेसाठी रांग लावलेली मुंबईची माणसं ताक पीत बसली होती. मावशींनी विहिणीला चुलीवरून उठवलं, लेकीला आतून बोलावलं, त्या दिवशी घरीच असलेल्या हेल्परला समोर उभं केलं आणि मला म्हणाल्या, “आता सांगा. पैल्यापासनं.”

मी पहिल्यापासून सांगितलं. ताक पिणारे पर्यटकही ऐकत होते. वहिनी काय म्हणाल्या, साहेब काय म्हणाले, शब्दाला शब्द. विहीणबाईंनी हेल्परला विचारलं, “खरं हाय काय रं?” तो म्हणाला, “हाय.”  विहीणबाई सुनेला म्हणाल्या, “हळदीचं माझ्याकडनं चुकलं गो,” आणि आतून कुंकवाचा करंडा आणून तिच्या कपाळाला बोट लावलं. पोरीला तिथेच रडू कोसळलं. मावशी रडल्या नाहीत. त्या ताठ उभ्या होत्या.

मी स्वतःवर बेहद्द खूश होते. परत निघालो तेव्हा रस्त्याला लागेपर्यंत मी बडबडत होते, साहेबांचं तोंड कसं झालं, मालक कसे पेढ्यांत लपले. मावशी ऐकत होत्या. एसटीच्या थांब्यावर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, “आन् माझं काम?”

 ते कुणी काढलंच नव्हतं. एवढं सगळं कबूल झालं, सगळ्यांसमोर झालं, पण मावशींना परत बोलवा असं एकाही तोंडातून आलं नव्हतं. त्यांच्या जागी नवीन बाई लागून पाच-सहा महिने झाले होते.

“विचारते मी साहेबांना,” मी म्हटलं.

“सायबाला नगं इचारू,” मावशी म्हणाल्या. “मालकालाबी नगं. ती बाय पुन्यास्नं आली की तिच्यासमोर इचारा. तिच्यासमोरच त्यांचं तोंड उघडतं.”